अकरा म्हणजे अकराच

सकाळी सव्वासात

फळमाश्यांवर काम करणाऱ्याची सकाळ माश्यांच्या सोयीने सुरू होते. कोशातून नुकतीच बाहेर पडलेली मादी पहिले आठेक तास नराला दाद देत नाही. तेवढ्या वेळात तिला वेगळी काढली, तर तिची जोडी कोणाशी लावायची हे आपल्या हातात राहतं. उशीर झाला की तिनं ते परस्पर ठरवलेलं असतं, आणि दहा दिवसांनी येणारी पिढी कोणाची हे मग कोणीच सांगू शकत नाही. रात्री बाटल्या 25 अंशांच्या कपाटातून काढून 18 अंशांत ठेवल्या की त्या आठ तासांचे सोळा होतात. या धंद्यातल्या माणसांना झोप मिळते ती या सात अंशांमुळे.

बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, निपचित पडलेल्या माश्या पांढऱ्या पॅडवर ओतायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने वेगळ्या करायच्या. कोवळी मादी फिकट असते, पोट फुगीर, आणि त्या पोटात एक काळपट ठिपका दिसतो. नराचं शेपटीकडचं टोक काळं. पहिल्या आठवड्यात नवा विद्यार्थी एकेका माशीकडे मिनिटभर टक लावून बघतो. नंतर हात आपोआप चालतो आणि डोकं गप्पा मारायला मोकळं होतं. केळ्यांवर घोंघावणारी चिलटं याच कुळातली, त्यामुळे पुण्यात पावसाळ्यात कोणाच्याही घरी गेलं की यजमान फळांची टोपली माझ्यापुढे धरून विनोद करतात. मीही हसते.

आमचा विषय दारू. माशी दारूला कशी बळी पडते, किती लवकर, कोणत्या जनुकांमुळे, आणि एकदा पडल्यावर तिच्या मेंदूत काय बदलतं. हे ऐकून लोकांना गंमत वाटते, पण सडलेल्या, आंबलेल्या फळांवर जन्म काढणाऱ्या या किड्याशी दारूचं नातं माणसापेक्षा फार जुनं आहे. तिच्या शरीरात दारू पचवणारं विकर भरपूर असतं. परजीवी गांधीलमाशीनं घाला घातलेली अळी तर औषध म्हणून दारूयुक्त अन्नाकडे वळते. दारू तिच्या आत वाढणाऱ्या परजीवीला मारते. 2012 मध्ये हे दाखवलं गेलं.

साडेनऊ

माश्यांचं स्वयंपाकघर. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर आणि पाणी मोठ्या पातेल्यात पिठल्यासारखं रटरटत असतं. जरा निवलं की त्यात प्रोपिऑनिक आम्ल आणि बुरशीनाशक. काका हे काम माझ्या आधीपासून करतायत. संस्थेतले तीन संचालक त्यांनी पाहिले, आणि कोणाच्या माश्या का मरतात याबद्दल त्यांचे अंदाज बहुधा बरोबर निघतात.

"मॅडम, पीठ या खेपेला जाड आलंय. तुमच्या दारूवाल्यांना जुनं ठेवलंय बाजूला."

हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आदल्या आठवड्यात काय खाल्लं, अळ्या किती दाटीनं वाढल्या, यावर माशीचं वजन ठरतं, आणि वजनावर ती दारूला किती टिकते ते. एका प्रयोगातल्या सगळ्या माश्या एकाच पातेल्यातल्या हव्यात.

साडेदहा

शुद्ध अल्कोहोलचं कपाट कुलपात असतं आणि शेजारी नोंदवही. तारीख, किती मिलिलिटर काढलं, कशासाठी, सही. या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. माश्यांना परवाना लागत नाही, त्यांना पाजणाऱ्यांना लागतो. कोकेनचं काम आम्ही करत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखालच्या गोष्टी सांभाळायला जेवढे कागद लागतील, तेवढ्या वेळात माश्यांच्या कितीतरी पिढ्या होतील. पण या विषयातल्या काही फार सुंदर गोष्टी कोकेननंच शिकवल्या आहेत. त्यातली एक आता अकराला कामाला येणार आहे.

अकरा

अकरा म्हणजे अकराच. अकरा दहा नाही, आणि "जरा चहा घेऊन येतो" तर मुळीच नाही.

काचेच्या नळीत आठ-दहा माश्या. कापसाच्या बोळ्यावर मोजून अल्कोहोल, बोळा नळीच्या तोंडाशी, घड्याळ सुरू. पहिली काही मिनिटं माश्या खुळ्यासारख्या धावतात, भिंती चढतात, एकमेकींवर आदळतात. मग पाय घसरायला लागतात. एखादी चढता चढता उताणी पडते, पाय झाडते, उठते, पुन्हा पडते. शेवटी पडूनच राहते. दर काही मिनिटांनी नळी हलकेच आपटायची आणि किती जणी उभ्या राहू शकत नाहीत ते मोजायचं. निम्म्या आडव्या व्हायला किती वेळ लागला, तो आकडा वहीत. कोणत्या नळीत कोणतं जनुक बिघडवलेलं आहे हे मोजणारीला माहीत नसतं. नळ्यांवरचे सांकेतिक आकडे शेजारच्या प्रयोगशाळेतल्या कोणीतरी टाकलेले असतात. "ही तर अजून उभीच आहे!" असं वाटायला फार पुरावा लागत नाही, म्हणून ही खबरदारी.

पूर्वी यासाठी चार फूट उंचीचा काचेचा नळा असे. आत उतरते पडदे, वरून दारूची वाफ. माश्या वरच्या पायरीवरून झिंगत झिंगत खाली घरंगळत आणि तळाशी मोजल्या जात. साधी माशी साधारण वीस मिनिटांत खाली येई. 1998 मध्ये अमेरिकेत उलरिके हेबरलाइन यांच्या गटानं याच नळ्यातून एक लवकर घसरणारा वाण शोधला आणि त्याचं नाव ठेवलं 'चीपडेट'. माशीवाल्यांची नावं ठेवण्याची खोड जुनी आहे. पुढे 'हँगओव्हर' आणि 'हॅपीअवर'ही आले. पण मला नावापेक्षा त्यानंतर जे उघडकीला आलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. 'चीपडेट' हा नवा जनुक नव्हताच. 'अम्नेशियाक' नावाच्या जनुकातला तो बिघाड निघाला, आणि तो जनुक वीसेक वर्षांपूर्वी शिकलेलं लवकर विसरणाऱ्या माश्यांमध्ये सापडलेला होता. म्हणजे दारू चढणं आणि गोष्ट लक्षात राहणं, ही दोन खाती पेशीच्या आत एकाच कारकुनाकडे होती. व्यसनाच्या जीवशास्त्रात पुढे जे काही झालं, त्यातलं बरंचसं या एका योगायोगाभोवती फिरतं.

आता अकराच का, ते. 1998 मध्येच व्हर्जिनिया विद्यापीठात जे हर्श आणि कॉलीन मॅकक्लंग यांनी माश्यांना कोकेनची वाफ दिली. माश्या सतत अंग घासू लागल्या, मागे-बाजूला चालू लागल्या, गोल फिरू लागल्या. जास्त मात्रेला झटके. तीच मात्रा काही तासांनी पुन्हा दिली की परिणाम आधीपेक्षा जास्त. उंदरांतही असंच होतं, आणि ही वाढत जाणारी संवेदनशीलता व्यसनाच्या मुळाशी असावी असा अंदाज आहे. दुसऱ्या वर्षी त्याच प्रयोगशाळेनं आणखी एक विचित्र गोष्ट छापली. ज्या माश्यांच्या शरीरातलं घड्याळ बिघडलेलं आहे, 'पीरियड', 'क्लॉक', 'सायकल' यांसारखी दिवसरात्रीची लय सांभाळणारी जनुकं ज्यांच्यात नीट नाहीत, त्यांच्यात ही वाढ होतच नाही. दुसरी मात्रा पहिल्यासारखीच. 'पीरियड' हा तोच जनुक, जो 1971 मध्ये कोनोपका आणि बेन्झर यांनी शोधला आणि ज्याच्या यंत्रणेसाठी 2017 चं नोबेल दिलं गेलं. झोपायचं कधी, उठायचं कधी हे सांगणारी प्रथिनं कोकेनच्या खात्यातही सही करत होती, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दारूच्या बाबतीत, माशी रात्री लवकर आडवी होते. त्यामुळे एक वाण सकाळी आणि दुसरा संध्याकाळी मोजला, तर सापडेल तो फरक जनुकाचा की घड्याळाचा, हे देवालाही सांगता येणार नाही. नव्या मुलांना मी हे सगळं एकदा सांगते. नंतर फक्त घड्याळाकडे बोट दाखवते.

सव्वाएक

डबा. हिशेब विभागातले एक गृहस्थ रोज काहीतरी विचारतात. आज, "प्यायल्यावर भांडतात का हो तुमच्या माश्या?" वारंवार दारूची वाफ मिळालेले नर इतर नरांच्याच मागे प्रियाराधन करत फिरतात, हे 2008 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातून आलेलं निरीक्षण मी सांगितलं. ते जेवणावर लक्ष देऊ लागले.

दोन

आजचं अवघड काम. उभ्या नळ्यांच्या तोंडातून केसासारख्या बारीक काचेच्या नळकांड्या आत सोडलेल्या आहेत, प्रत्येकीत पाच मायक्रोलिटर द्रव. काहींत साखर आणि यीस्टचा अर्क, काहींत तेच अधिक पंधरा टक्के दारू. माशीनं कुठून किती प्यायलं ते द्रवाची पातळी किती उतरली यावरून कळतं. ही पद्धत 2007 मध्ये बेन्झर यांच्या प्रयोगशाळेतून आली, आणि दोन वर्षांनी अनिता देवीनेनी व हेबरलाइन यांनी ती दारूसाठी वापरली. त्यांना दिसलं ते असं: माश्या दारूवालं पसंत करतात, ती पसंती दिवसागणिक वाढते, त्यात कडू क्विनीन घातलं तरी त्या पितात, आणि मधले काही दिवस दारू बंद केली तर परत मिळताच थेट जुन्या पातळीवर जातात.

शेवटची दोन वाक्यं वाचली की कोणालाही ओळखीचं कोणीतरी आठवतं. तिथंच सावध व्हायचं.

दारू हे अन्न आहे. एका ग्रॅममागे सात कॅलरी. भुकेली माशी दारूकडे वळली, तर ती कदाचित जेवायलाच आली असेल. दारूला वास आहे, आणि तो तिला आंबलेल्या फळाची आठवण देतो. दारू उडून जाते, म्हणून शेजारी माशी नसलेल्या रिकाम्या नळ्या लावून नुसत्या हवेनं किती 'प्यायली' तेही मोजावं लागतं. पावसाळ्यात आणि मार्चमध्ये हा आकडा वेगवेगळा. शिवाय प्रयोगशाळेतल्या बऱ्याच वाणांमध्ये खूण म्हणून डोळ्यांच्या रंगाचा 'व्हाइट' जनुक बदललेला असतो, आणि तो जनुक स्वतःच दारूच्या परिणामात ढवळाढवळ करतो. म्हणून तुलनेचे वाण पाच-सहा पिढ्या एकाच घराण्याशी जुळवून घ्यायचे. माझ्या दिवसाचा मोठा भाग व्यसन शोधण्यात जात नाही. जे व्यसन नाही, ते एकेक करून बाजूला काढण्यात जातो.

माणसातला दारूचा विकार ठरवताना मनोविकारतज्ज्ञांकडे अकरा लक्षणांची यादी असते; दोन भरली तरी निदान होतं. त्यातली सहनशक्ती वाढणं, त्रास होऊनही पीत राहणं, अशी थोडीच माशीत तपासता येतात. घरच्या जबाबदाऱ्या टळतात का, हे माशीला विचारता येत नाही. त्यामुळे 'व्यसनी माशी' असं कोणी लिहिलं की मी लाल शाई काढते. आपण मोजतो ते व्यसनाचे सुटे तुकडे. मात्र त्या तुकड्यांचे धागे माणसापर्यंत येतात, हे खरं. 'हॅपीअवर'चं काम एका वाढ-संदेशाच्या मार्गाशी जोडलेलं निघालं. तो मार्ग अडवणारं एर्लोटिनिब हे फुप्फुसाच्या कर्करोगाचं औषध उंदरांना दिलं तेव्हा त्यांचं दारू पिणं कमी झालं. 'आरएसयू-वन' हा माशीतला दारूशी जोडलेला जनुक माणसांच्या नोंदींतही तपासला गेला, तेव्हा त्याच्या रूपांचा पौगंडावस्थेतल्या मुलांच्या पिण्याशी संबंध दिसला. यातून गोळी तयार झालेली नाही.

सव्वातीन

सकाळच्या माश्या पुन्हा नळीत. चार तासांत शरीरातली दारू गेलेली असते, तरी या वेळी आडव्या व्हायला जास्त वेळ लागतो. एकाच खेपेत सहनशक्ती वाढते. पचनशक्ती तीच, मेंदू बदललेला. पूर्ण होईपर्यंत कोणी बोललं नाही, कारण सांकेतिक आकडा दोन नळ्यांवर पुसट झाला होता आणि सगळ्या त्याकडे वाकून बघत होत्या.

साडेचार

आठवड्याची वाचनसभा, सामोसे संस्थेचे. या वेळी 2025 मधला युटा विद्यापीठाचा कोकेनवरचा निबंध, एड्रियन रॉथेनफ्लू यांच्या गटाचा. वाफ देऊन झालं, पण माशी आपणहून कोकेन का घेत नाही, हा जुना प्रश्न होता. दारू पिते, मग हे का नाही? उत्तर फार साधं निघालं: कडू लागतं. माशीच्या पायांवरही चवीच्या पेशी असतात. ती कोकेनच्या थेंबावर पाय ठेवते आणि माघार घेते. कडू ओळखणाऱ्या पेशी गप्प केल्या, तेव्हा तिनं कमी मात्रेचं कोकेन असलेलं साखरपाणी सोळा तासांच्या आत पसंत करायला सुरुवात केली.

एका मुलीनं विचारलं, "म्हणजे इच्छा आधीपासून होती, फक्त चव आड येत होती?" मी म्हटलं, इच्छा हा शब्द काढ आणि प्रश्न पुन्हा विचार. तिनं तो पुन्हा विचारला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला झाला: चव बंद केल्यावर उरलेली ओढ डोपामिनच्या पेशींतून येते का, आणि आपल्या दारूच्या माश्यांत चव बंद केली तर आकडे किती हलतील?

चवीचा विषय निघाला की मला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. ओबेद सिद्दीकी यांनी कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरीच्या दशकात माश्यांच्या चव आणि वासाची जनुकं शोधायला घेतली, आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी तिथंच त्यावर प्रबंध केला. मेंदूशास्त्राला भारतात माशीनं आत आणलं ते त्या दारातून. वाचनसभेतल्या मुलांपैकी कोणालाच हे माहीत नव्हतं. अभ्यासक्रमात बेन्झर येतात, सिद्दीकी येत नाहीत. याची मला चीड येते आणि ती मी लपवत नाही.

साडेपाचला दुसऱ्यांदा मादी-निवड. सकाळसारखीच, फक्त पाठ जास्त दुखते.

साडेसात

मैत्रिणीचा फोन. ती व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. पुण्यात या कामाला मुक्तांगणनं वळण लावलं, 1986 मध्ये डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट यांनी. तेव्हाच अनिल अवचटांचं 'गर्द' लोक वाचत होते. माझ्या मैत्रिणीचं केंद्र वेगळं, लहान आहे.

"अगं, आज घरच्यांची बैठक होती. पुन्हा तोच प्रश्न. एवढी उलटी झाली, दवाखान्यात नेलं, शपथा घेतल्या, आणि तीन महिन्यांनी त्याच कोपऱ्यावर. बायको म्हणते, याला त्या रात्रीचं काहीच आठवत नाही का? काय सांगू?"

मी तिला कार्ला काउन आणि हेबरलाइन यांचा 2011 चा प्रयोग सांगितला. माश्यांना एका विशिष्ट वासासोबत दारूची वाफ दिली, तासातासाच्या अंतराने काही वेळा. लगेच तपासलं, तर माश्या त्या वासापासून दूर पळतात. अनुभव वाईटच असतो. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर त्याच माश्या त्याच वासाकडे ओढल्या जातात. ती ओढ दिवसेंदिवस टिकते, आणि तिच्यासाठी त्या विजेचा झटका सोसून पलीकडे जातात. या टिकणाऱ्या स्मृतीला डोपामिनच्या पेशी लागतात. पुढे काउन यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं की अशा स्मृतीच्या पेशींत डोपामिन ग्राहीचं रूपच किंचित वेगळं घडवलं जाऊ लागतं.

"म्हणजे वाईट भाग आधी पुसतो?"

"पुसतो की झाकला जातो, ते भांडण चालू आहे. पण कोपरा उरतो, हे दिसतं. आणि हे उलटी विसरण्याइतक्या मंद माशीत नाही होत. उलट शिकायला हुशार माशीत होतं. शिकणं बिघडवलं की ही ओढही जाते."

"हे चांगलं आहे," ती म्हणाली. "बायकोला हेच सांगते. तो मठ्ठ नाही म्हणून."

"अगं, माशी आहे ती. 1 लाख 39 हजार चेतापेशी. 2024 मध्ये तिच्या मेंदूचा अख्खा नकाशा छापला. त्याच्या डोक्यात 8,600 कोटी आहेत, आणि बाहेर नोकरी, देणी, मित्र."

"मित्रच जास्त," ती म्हणाली. मग तिनं विचारलं की नवऱ्याच्या वडिलांनाही होतं, मुलाला होईल का. जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं की दारूच्या विकाराच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा. पण हा निम्मा लोकसंख्येचा हिशेब आहे. एका मुलाबद्दल तो होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. हे फोनवर सांगायला दहा मिनिटं लागली. तिला पटलं की नाही कोण जाणे. तिला एका वाक्यात हवं होतं.

सव्वानऊ

घरी. ब्लूमिंग्टनच्या माशी-भांडारातून मागवायच्या वाणांची यादी पूर्ण केली. त्यातले दोन बंगळूरला मिळतात असं काकांनी सुचवलं होतं, तपासलं तर खरंच मिळतात. दुपारच्या नळकांड्यांचे आकडे संगणकावर चढवले. रिकाम्या नळ्यांतली घट वजा केल्यावर एका वाणाची पसंती निम्म्यावर आली, म्हणजे गेल्या आठवड्यात आम्ही ज्यावर खूश होतो त्यातला अर्धा भाग पुण्याची कोरडी हवा होती.

तेवढ्यात विद्यार्थिनीचा निरोप: "ताई, उद्या दाढ काढायची आहे, डॉक्टरांनी साडेदहा दिलेत. अकराचं एकला सुरू केलं तर चालेल का? एक दिवस?"

"नाही. अकराचं मी करते. तू दाढ काढ, आणि कापसाचे बोळे कुठे ठेवलेत ते आत्ता सांग."